चांद्याचा परकोट

नागपुराहून सकाळच्या गाडीने निघून, हिंगणघाट, वरोरा व भांदक मागे टाकीत चंद्रपुरास, म्हणजे पूर्वीच्या चांद्यास, उतरलेल्या प्रवाशाने, औष्णिक वीजकेंद्राच्या धुरावरून या नगरीविषयी मत बनविण्यापूर्वी, हत्तीवर आरूढ झालेल्या सिंहाचे गोंड राजचिन्ह जेथे आजही कोरलेले दिसते त्या जटपुरा दरवाजापाशी अवश्य थांबावे. खांडक्या बल्लाळशहाने वसविलेल्या या राजधानीच्या परकोटास जटपुरा, बिनबा, पठाणपुरा व अंचलेश्वर असे चार दरवाजे आहेत. अंचलेश्वराजवळ राणी हिराईने पती बीरशहाची समाधी बांधविली. वैधव्याचे दुःख उराशी धरून दौलतीचा कारभारही समर्थपणे सांभाळणाऱ्या या स्त्रीस आपल्या इतिहासकारांनी दिलेले स्थान मला फारच अपुरे वाटते. 1751 साली रघूजी भोसल्यांनी चांदा घेतला आणि अखेरचा राजा नीळकंठशहा बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद झाला. 1818 साली, किल्लेदार गंगासिंग लढता लढता पडल्यावर, इंग्रजांचा अंमल बसला. पुढे दीर्घकाळ उपेक्षिलेल्या या तटावरील झाडोरा 2017 पासून इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी श्रमदानाने काढला, त्यामुळे बुरुजांवरून आता फिरता येते.