बिघाडांचा इतिहास

गेल्या एप्रिलातली गोष्ट. दुपारी साडेबाराला गावाहून चुलत भावाचा फोन आला. "सोलर चालू हाये, पन पानीच नाही येऊन राह्यलं. बोटभर धार पडते फक्त." काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. तीनेक एकर, फार नाही. पण झाडांवर आंबिया बहार होता. त्याची फुलं जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि एप्रिलच्या उन्हात फळं लहान असतात. तेव्हा पाणी चुकलं तर फळांचा सडा झाडाखाली पडतो, आणि वर्षाचं गणित त्या सड्यात जातं.

कंपनीच्या हेल्पलाइनवर फोन केला तर "तक्रार नोंदवली आहे, तीन-चार दिवसांत माणूस येईल." नागपुरात त्या दिवशी पारा पंचेचाळीसला टेकलेला. तीन-चार दिवस म्हणजे काय, ते झाडांना कोण समजावणार? गाडी काढली आणि निघालो. साठेक किलोमीटरचा रस्ता, डोक्यात एकच विषय. आमच्या त्या एका विहिरीतून पाणी किती तऱ्हांनी वर आलं, आणि प्रत्येक वेळी ते का अडलं!

पहिली मोट. मोठे बाबा (वडिलांचे थोरले भाऊ, आता ऐंशीच्या पुढे) लहानपणी मोट हाकायचे. चामड्याची मोट, तिला जाड नाडा, खालच्या सोंडेला सोंदूर, बैल धावेवरून खाली उतरायचे की पाणी थारोळ्यात पडायचं. बिघाड काय व्हायचे? मोट फाटायची, नाडा झिजायचा, चाक कुरकुरायचं, बैल लंगडायचा. सगळं डोळ्यांना दिसणारं. मोट शिवायला चांभार, चाकाला सुतार, दोघेही गावातच, हाकेच्या अंतरावर. मजुरी सुगीला धान्यात.

मग डिझेलचं इंजिन आलं. १९७२च्या दुष्काळात विहीर खोल गेली तेव्हा तेच कामी आलं. हँडल मारून मारून खांदा उतरायचा. इंजिनाचा आजार कानाने आणि नाकाने कळायचा. काळा धूर, अडखळता ठोका, पट्टा घसरल्याचा वास. इंजिन चालतंय आणि पाणी नाही, तर बहुतेक वेळा फूटव्हॉल्व गळतोय. म्हणजे पाइपातलं पाणी विहिरीत परत जातं, पंपात हवा भरते आणि तो नुसताच फिरतो. त्यावर गावठी औषध होतं, पंपात शेणपाणी ओतायचं. शेणाने फट बुजायची आणि पंप पाणी धरायचा. मला लहानपणी हे फार गमतीचं वाटायचं, इंग्रजी नावाच्या यंत्राला शेणाचा लेप :)

मग लाइट आली. राज्य वीज मंडळ १९६० सालचं, आमच्या शिवारात खांब यायला आणखी बरीच वर्षं गेली. कोराडीचं वीजकेंद्र आमच्याच जिल्ह्यात, १९७४ पासून चालू. पण २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत त्याच जिल्ह्यातले शेतकरी रात्री दोनला बॅटरी घेऊन, साप-विंचू चुकवत मोटर सुरू करायला जायचे. मग जो तो ऑटो स्विच लावू लागला. वीज आली रे आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम सुरू, आणि डीपी जळायची. व्होल्टेज कमी पडलं की मोटर गरम होऊन जळणार, ती वाइंडिंगला काटोलला न्यायची, चार दिवस गेले. दुरुस्ती गावातून तालुक्याला गेली ती तेव्हा. तरी गावाने नवी विद्या शिकून घेतली. फ्यूज बांधणं, स्टार्टर उघडणं, कंडेन्सर बदलणं. आणि एक खास गोष्ट. डीपीवर काम झालं आणि तीनपैकी दोन फेजांची अदलाबदल झाली, तर त्या डीपीवरच्या सगळ्या मोटरी उलट्या फिरायच्या. शेंबडं पोरही सांगायचं, "फेज उलटला."

आणि आता सोलर. १९५४ साली अमेरिकेतल्या बेल लॅबने सिलिकॉनचा सौर घट दाखवला तेव्हा तो पडणाऱ्या उन्हातल्या जेमतेम सहा टक्के ऊर्जेची वीज करायचा. आजचे पॅनल वीस टक्क्यांच्या वर जातात. आपल्याकडे १९९०च्या दशकात केंद्राने सौर पंपांचा कार्यक्रम सुरू केला, पण किमतीमुळे तो सामान्य शेतकऱ्याच्या बांधावर फारसा पोचला नाही. राज्यात २०१८ साली मुख्यमंत्री सौर कृषी पंप योजना आली, २०१९ ला केंद्राची कुसुम, २०२४ ला 'मागेल त्याला सौर कृषी पंप'. शेतकऱ्याने दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातींनी पाच. आमचा पाच एचपीचा पंप २०२१ सालचा. दिवसा पाणी, बिल नाही, रात्रीच्या चकरा बंद. याचं मोल ज्याने त्या रात्री काढल्या त्यालाच कळेल.

पण हा पंप गप्प असतो. धूर नाही, ठोका नाही, मोटर विहिरीच्या तळाशी. बोलतो तो फक्त कंट्रोलरचा डबा, तोही आकड्यांत.

पोचल्यावर आम्ही एकेक बघत गेलो. धूळ? होती. पहाटे पॅनल थंड असताना धुवायला हवी होती, तापलेल्या काचेवर एकदम गार पाणी मारायचं नसतं. पण धुळीने पाणी थोडं कमी होतं, बोटभर नाही. सावली? पॅनल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एका फांदीची सावली पूर्ण ओळीला मागे ओढते. पण बाभळीची सावली त्या वेळी दूर होती. उष्णता? पॅनल पंचवीस अंशांच्या वर जितका तापतो, तितकी दर अंशाला साधारण ०.४ टक्के वीज घटते. आमच्या उन्हात काच पासष्ट अंशांवर गेली तर सोळाएक टक्के गेलेच. म्हणजे जितकं ऊन जास्त तितकं पाणी जास्त, हा समज नागपूरच्या मे महिन्यात पुरता खरा नाही. विहिरीत पाणी कमी? तसं असतं तर कंट्रोलरने 'ड्राय रन' दाखवून मोटर थांबवली असती. अनेकांना तो बिघाड वाटतो, खरं तर ती मोटर वाचवण्याची सोय आहे. इथे पाणी पुरेसं होतं आणि डबा म्हणत होता, सगळं ठीक.

मोठे बाबा काठी टेकत आले. धारेकडे पाहिलं, पाइपावर हात ठेवला आणि विचारलं, "केबलले कोनं हात लावला होता?"

भाऊ गप्प. मग हळूच म्हणाला की चार दिवसांपूर्वी खारीने केबल कुरतडली होती. हमी जाईल या भीतीने त्याने कोणाला सांगितलं नाही, पंप वर घेऊन सांधा स्वतःच केला. तेव्हापासून धार बारीक. वायरींचे रंग उन्हाने उडालेले.

"उलटी फिरून राह्यली ते. दोन वायरी बदलव."

सोलर पॅनल डीसी देतो, पण कंट्रोलर त्याचं तीन फेजांत रूपांतर करून मोटरला देतो. म्हणजे डबा नवा असला तरी खाली तीच जुनी तीन फेजची मोटर. मोठ्या बाबांनी मोबाइलवर कधी काही पाहिलं नाही, पण हा आजार त्यांच्या ओळखीचा होता. पॅनलकडून येणारा स्विच बंद केला, डब्यातला उरलेला करंट उतरेपर्यंत थांबलो (ऊन असेपर्यंत पॅनल जिवंत असतात, तिथे काही शे व्होल्ट असतात, चालू असताना कनेक्टर ओढाल तर ठिणगी थेट हातावर), मग मोटरकडे जाणाऱ्या तीनपैकी दोन वायरींची अदलाबदल केली. स्विच टाकला. अर्ध्या मिनिटात पाइपातून मनगटाएवढी धार.

चार दिवसांत जी फळं गळायची ती गळलीच. बाकीची राहिली.

परत येताना वाटलं, त्या दिवशी बाग वाचवली ती भारनियमनाच्या दिवसांत जिवावर येऊन शिकलेल्या विद्येने. हमी पाच वर्षांची होती, तोवर डब्याला हात लावू नका म्हणतात, ते एका अर्थी बरोबरच. पण पाच वर्षं हात न लावलेला माणूस सहाव्या वर्षी काय करणार? मोटेचा चांभार गावात होता, वाइंडिंगवाला तालुक्याला. डबा कळणारा माणूस अजून फोनच्या पलीकडेच आहे. आणि ज्यांना पाइपाला हात लावून कळतं, ती माणसं ऐंशीच्या पुढे गेली आहेत.

भावाने आता कंट्रोलरच्या खांबावर ऑइलपेंटने तीन वायरींचा क्रम लिहून ठेवला आहे. खाली मोठ्या बाबांच्या सांगण्यावरून एक ओळ: 'धार बारीक झाली तर आधी हे पाहा.'

असो, बरंच लांबलं. तुमच्या गावाकडे सोलर असेल तर यंदा दिवाळीला गेल्यावर असं काही लिहून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून.