आधी वेलांटी की आधी व्यंजन?

मानव आणि संगणक यांच्यातील संवादाचा इतिहास सांगताना प्रारंभ बहुधा ९ डिसेंबर १९६८ या दिवसापासून केला जातो. त्या दिवशी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी सुमारे दीड तासाच्या प्रात्यक्षिकात माऊस, पडद्यावरचे संपादन आणि दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच मजकुरावर काम करणे या गोष्टी एकत्रितपणे दाखवल्या. त्या दिवसाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु ज्यांची लिपी रोमन नाही, त्यांच्यापुढे एक प्रश्न त्याच्या कितीतरी आधीपासून उभा होता : यंत्राने लिपीप्रमाणे वागायचे, की लिपीने यंत्राप्रमाणे? देवनागरीपुरता या प्रश्नाचा इतिहास एका लहानशा चिन्हाच्या आधारे सांगता येतो. ते चिन्ह म्हणजे ह्रस्व वेलांटी.

'कि' हे अक्षर उच्चारताना क् आधी येतो आणि इ नंतर. कागदावर मात्र वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे बसते. कानाचा क्रम एक आणि डोळ्याचा दुसरा. बाराखडी शिकलेल्या माणसाला यात काही विचित्र वाटत नाही. यंत्राला मात्र दोहोंपैकी एकच क्रम निवडावा लागतो.

टंकलेखन यंत्राने डोळ्याचा क्रम निवडला. १८७४ साली बाजारात आलेले शोल्स-ग्लिडन यंत्र एकामागून एक ओळीने बसणाऱ्या रोमन अक्षरांसाठी घडवलेले होते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चहूकडे चिन्हे बाळगणारी देवनागरी पुढे त्याच वंशातल्या यंत्रावर बसवली गेली. त्यामुळे 'किती' टंकित करताना आधी वेलांटी, मग क, मग त, मग दीर्घ वेलांटी असा क्रम झाला. 'श'सारखे अक्षर अर्धा श आणि काना अशा दोन ठोक्यांत तयार होई. मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या परीक्षांसाठी मराठी टंकलेखन शिकलेल्या पिढ्यांच्या बोटांनी अक्षरांचे असे तुकडे पाठ केले. उच्चाराचा या विद्येशी संबंध उरला नाही.

यंत्र बदलत नसेल तर लिपी बदलावी, हा विचारही याच काळातला. सावरकरांच्या लिपिशुद्धीच्या चळवळीतील 'अ'ची बाराखडी मराठी वाचकांना परिचित आहे. छपाई आणि टंकलेखन यांची सोय हे तिच्या समर्थनाचे एक कारण होते. १९५३ साली लखनौ येथे भरलेल्या लिपिसुधारणा परिषदेने तर ह्रस्व वेलांटीच व्यंजनाच्या उजवीकडे आणण्याची शिफारस केली. ती टिकली नाही. लोकांच्या डोळ्यांनी ती वेलांटी स्वीकारली नाही, एवढेच म्हणता येईल.

उत्तर वेगळ्याच दिशेने आले. कानपूरच्या आयआयटीमध्ये भारतीय लिप्यांवर झालेल्या संशोधनातून जिस्ट हे तंत्रज्ञान उभे राहिले आणि पुढे ते १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढले. त्यामागची कल्पना साधी होती : माणसाने उच्चाराच्या क्रमाने लिहावे, संगणकाने त्याच क्रमाने साठवावे आणि पडद्यावर दाखवताना वेलांटी डावीकडे नेण्याचे काम यंत्राने स्वतः करावे. लिपीला धक्का न लावता यंत्राला शहाणे करण्याचा हा मार्ग होता. टंकलेखकाच्या बोटांवर पडलेले ओझे यंत्राने आपल्याकडे घेतले.

याच विचाराचे दृश्य रूप म्हणजे इनस्क्रिप्ट हा कळफलक. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ साली प्रमाणित केला आणि १९९१ च्या भारतीय मानकात त्याचा समावेश झाला. वाचकांनी तो एकदा वर्णमाला समोर ठेवून पाहावा. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. डावीकडे मधल्या ओळीत ह्रस्व वेलांटी, तिच्याच वरच्या कळीवर दीर्घ. मधल्या ओळीत ह्रस्व उकार, त्याच्या वर दीर्घ. शिफ्ट दाबली की मात्रेऐवजी पूर्ण स्वर मिळतो. उजवीकडे मधल्या ओळीत प, क, त, च, ट हे अघोष वर्ण आणि त्यांच्या वरच्या ओळीत अनुक्रमे ब, ग, द, ज, ड हे घोष वर्ण. शिफ्ट दाबली की त्याच कळांवर त्यांचे महाप्राण : क चा ख, ग चा घ, त चा थ, द चा ध. प्रातिशाख्यांच्या काळापासून चालत आलेली वर्णांची मांडणी रोमन अक्षरांसाठी बनवलेल्या कळफलकावर इतक्या नेमकेपणाने बसवली गेली आहे, की घोष-अघोष आणि अल्पप्राण-महाप्राण हे भेद बोटांच्या हालचालीतच उतरतात. शिवाय हीच मांडणी बंगाली, गुजराती, कन्नड किंवा तेलुगूलाही चालते; एक लिपी लिहिणाऱ्या बोटांना दुसरीतला 'क' शोधावा लागत नाही.

एवढे असूनही इनस्क्रिप्ट घरोघरी पोचला नाही. छपाईच्या जगात निराळेच वारे होते. तेथे निरनिराळ्या फॉन्टांचे राज्य होते आणि प्रत्येकाची अंतर्गत सांकेतिक व्यवस्था वेगळी होती. त्यांत वेलांटी पुन्हा व्यंजनाआधी साठवली जाऊ लागली; म्हणजे संगणकाच्या पोटात टंकलेखन यंत्रच परत आले. आम्ही एम.ए. करीत असताना विभागाच्या एका वार्षिक अंकाचा मजकूर असाच अक्षरजुळणी करून ठेवला होता. काही वर्षांनी ती फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली, तेव्हा पडद्यावर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा कचरा दिसला. मूळ हस्तलिखिते कोणी जपली नव्हती. त्यातली एका वर्गमित्राची दीर्घ कविता आज कोणाकडेही नाही.

युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती आणि तिचा पाया १९८८ च्या भारतीय संकेतावलीवरच होता; परंतु सामान्य संगणकावर ती नीट दिसू लागली ती विंडोज २००० नंतर. मराठीच्या खास गरजा आणखी मागे राहिल्या. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला भेद पडद्यावर उमटवण्यासाठी वेगळा 'ऱ' योजावा लागतो, हे तर अनेक मराठी प्राध्यापकांना अजूनही ठाऊक नसते.

दरम्यान लोकांनी स्वतःची वाट काढली. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्ससारख्या पद्धतींनी रोमन अक्षरांतून देवनागरी लिहिण्याची सोय करून दिली आणि पुढे हीच सवय सर्वत्र झाली. कारण उघड आहे. रोमन कळफलक आधीच बोटांत होता आणि नवे शिकण्याची गरज नव्हती. वापरणाऱ्याची सोय पाहायची, तर त्याच्या हाताला आधीपासून काय येते हे प्रथम पाहावे लागते; या कसोटीवर ही पद्धत उत्तीर्णच म्हटली पाहिजे. मात्र तिची किंमत आम्ही वर्गात पाहतो. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल' हे विद्यार्थ्यांच्या लेखी एकाच रोमन अक्षराचे दोन प्रकार होऊ लागले आहेत.

मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये मोबाईलसाठी काढलेला 'स्वरचक्र' हा कळफलक या संदर्भात आवर्जून आठवतो. व्यंजनावर बोट ठेवले की त्याभोवती त्याची बाराखडी चक्राकार उमलते. बोट हव्या त्या दिशेला सरकवले की अक्षर उमटते. इथे वेलांटी आधी की नंतर, हा प्रश्नच उरत नाही. वापरणाऱ्याला 'कि' अखंड मिळतो. २०१७ पासून मराठीत बोलून लिहिण्याची सोयही फोनवर आली आहे आणि तिथे तर कळफलकच बाजूला पडला.

कोणती पद्धत टिकेल, याचे भाकीत आम्ही करणार नाही. आमची खंत निराळी आहे. भाषाविज्ञानाच्या तासाला आम्ही दरवर्षी फळ्यावर पाच वर्गांचा तक्ता काढतो, घोष आणि महाप्राण समजावून सांगतो, आणि तोच तक्ता महाविद्यालयातल्या प्रत्येक संगणकात दडलेला आहे हे सांगायचे राहून जाते. इनस्क्रिप्ट मागे पडला याचा दोष आम्ही इतकी वर्षे बाजाराला आणि शासनाला देत आलो. तो शिकवणे ज्यांना सहज शक्य होते, त्यांत मराठीचे विभागही होते. आणि हा लेख लिहिणाऱ्यांपैकीही अनेकांची बोटे अद्याप रोमन वाटेनेच मराठीत येतात. यंदा तक्त्याशेजारी कळफलकाचे चित्र काढून आम्ही विद्यार्थ्यांना 'किती' हा शब्द लिहावयास सांगितला. आधी क, मग वेलांटी. ती पडद्यावर आपोआप डावीकडे सरकली, तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, हे आम्हांला आधी का नाही शिकवलं?" तिला द्यावे असे उत्तर आमच्यापाशी नव्हते.