दिवा घे, चाव्या घे

आपण गटाच्या साठा वहीत प्रत्येक वस्तूपुढे तीन गोष्टी लिहितो. वस्तू काय, सध्या कुठं आहे आणि कशी आहे. म्हणजे, 'शिलाई मशीन, समाजमंदिरात, चालू.' मंद्रूपहून आज मी ज्या खेळाची हकीगत सांगणार आहे, तो अशाच नोंदींवर उभा राहिला होता. कॉम्प्युटरचा खेळ, पण त्यात चित्र नाही की आवाज नाही. नुसते शब्द.

अमेरिकेत केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाची अफाट गुहा आहे. विल क्राउदर आणि त्यांची पत्नी पॅट्रिशिया तिथले बोगदे मोजायला जात. चिखलानं माखलेल्या वह्यांतले आकडे घरी आणून कॉम्प्युटरमध्ये भरायचे, त्यावरून नकाशे काढायचे. 9 सप्टेंबर 1972 रोजी सहा जण शेजारच्या फ्लिंट रिजच्या गुहेत शिरले आणि आतल्या आत मॅमथ केव्हमध्ये निघाले. दोन्ही मिळून सुमारे 232 किलोमीटर, त्या वेळी माहीत असलेली जगातली सर्वांत लांब गुहा. त्या सहांत बाई एकच, पॅट्रिशिया. त्याआधी एका चिंचोळ्या फटीतून पहिली तीच पुढं गेली होती. अंगानं बारीक म्हणून गेली, असं सांगतात. बारीक माणसं काय कमी असतात का? अंधारात पुढं सरकायला छातीही लागते.

पुढं नवराबायको वेगळे झाले. मुली भेटायला आल्या की त्यांना खेळता यावं म्हणून विलनं 1975-76 च्या सुमारास 'ॲडव्हेंचर' लिहिला. गुहा तीच, दोघांनी मोजलेली. तिच्या एका भागाचं नाव बेडक्विल्ट, म्हणजे आपली गोधडीच.

तुम्ही कुठं उभ्या आहात, जवळ काय पडलंय, हे कॉम्प्युटर लिहून सांगतो. आपण दोनच शब्द टाइप करायचे, 'दिवा घे'. त्यासरशी दिव्याच्या नोंदीतली जागा बदलते, खोलीतला दिवा तुमच्या हातात येतो. विझलेल्या दिव्याचं वाक्य वेगळं, पेटलेल्याचं वेगळं. नव्या जागेचं वर्णन सविस्तर, परत तिथंच आलात तर त्रोटक. आपणही पाव्हण्याला घर दाखवतो, घरच्याला नाही.

खरी गंमत पाखराची. ते धरायला पिंजरा हवा. पण हातात काठी असेल तर ते बिचकतं, आणि का बिचकलं ते खेळ सांगत नाही. काठी खाली ठेवायचं आपल्याच डोक्यात यावं लागतं. मग तेच पाखरू पुढं वाट अडवणाऱ्या सापाला पळवून लावतं. एका वस्तूची नोंद दुसरीला अशी बांधलेली.

1977 मध्ये डॉन वूड्स यांनी खेळ वाढवला. तो खेळूनच रोबर्टा विल्यम्स या गृहिणीला स्वतःचा खेळ सुचला. 1980 मध्ये नवऱ्याच्या साथीनं तिनं 'मिस्टरी हाऊस' काढला, त्यात शब्दांबरोबर चित्रंही आली.

'दिवा घे' लिहिणाऱ्या हजारोंना पॅट्रिशियाचं नावही ठाऊक नव्हतं. पण हा खेळ तोंडपाठ असलेली एक बाई पुढं खरोखरच त्या बेडक्विल्टमध्ये गेली. आयुष्यात पहिल्यांदाच तिथं पाय ठेवला होता, तरी तिला आतल्या वाटा ओळखता आल्या.