गोठणारे जलरंग आणि डॉ. विल्सन

सध्या कोर्ससाठी महूला आहे. स्कॉटच्या दक्षिण ध्रुव मोहिमेतला कॅप्टन ओट्स इथलाच, म्हणजे इनिस्किलिंग ड्रॅगून्समधून महूच्या छावणीत असतानाच त्याने मोहिमेसाठी नाव दिलं. त्याच्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्याच्या सोबत्याबद्दल सांगायचंय: डॉ. एडवर्ड विल्सन. डॉक्टर, प्राणिशास्त्रज्ञ आणि चित्रकार.

१९१० च्या जूनमध्ये ‘टेरा नोव्हा’ जहाज कार्डिफहून निघालं. विल्सन सोबत जलरंग घेऊन निघाला होता, पण अंटार्क्टिकात उघड्यावर जलरंग काय कामाचे? पाणीच गोठतं. मग तो मोजा काढून पेन्सिलीने झरझर रेषा ओढायचा, बोटं बधिर झाली की हात परत मोज्यात. आकाशात कुठे कोणता रंग आहे, ते चित्रावरच शब्दांत लिहून ठेवायचा. पुढे चार महिन्यांच्या अंधारात, केप इव्हान्सच्या लाकडी घरात, अ‍ॅसिटिलीनच्या दिव्याखाली त्या शब्दांवरून रंग भरायचा. सूर्याभोवतीची खळी तर तो कोन मोजून काढायचा.

आम्हालाही ट्रेनिंगमध्ये समोरच्या डोंगररांगेचं स्केच काढायला लावत. उस्ताद म्हणायचे, ‘‘साहब, जो दिखता है वही बनाओ.’’ तेव्हा कंटाळा यायचा. पुढे बर्फातल्या पोस्टवर डायरी लिहिताना बॉलपेनची शाई गोठली, तेव्हा पेन्सिलीची किंमत कळली.

विल्सनने त्याहून मोठी किंमत मोजली होती. आधीच्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेत, १९०२ च्या डिसेंबरात, नव्याने दिसलेल्या डोंगरांची स्केचेस काढण्यासाठी उघड्या डोळ्यांनी बर्फाकडे पाहून पाहून त्याला हिमांधत्व आलं. डोळ्यांवर पट्टी बांधून तो स्लेज ओढत राहिला. आमच्या एका जवानाने थोडाच वेळ गॉगल काढला होता, तर रात्रभर डोळ्यांत वाळू गेल्यासारखा तळमळला. त्यामुळे ती पट्टी मला नुसती गोष्ट वाटत नाही.

१९१२ च्या जानेवारीत पाच जण ध्रुवाजवळ पोहोचले, तर समोर अमुंडसेनचा काळा झेंडा. शर्यत हरलेली. विल्सनने वही काढली आणि तो झेंडा काढला, पुढे नॉर्वेवाल्यांचा तंबूही. जे दिसलं तेच.

परतताना पाचही जण गेले. ओट्स मार्चमध्ये वादळात बाहेर निघून गेला, तो सापडलाच नाही. १२ नोव्हेंबरला शोधपथकाला शेवटचा तंबू दिसला. आत स्कॉट, विल्सन आणि बॉवर्स. बॉवर्सही आपल्याकडच्या रॉयल इंडियन मरीनमधला. विल्सनची ती स्केचेस तिथून परत आली.

आणि हे एएससीतल्या मित्रांसाठी: त्या शोधपथकाचं सामान ओढायला खास हिंदुस्थानातून पाठवलेली खेचरं होती. एकूण सात. लाल खान, गुलाब, बेगम, रानी, अब्दुल्ला, प्यारी आणि खान साहिब.