जुहू, मानखुर्द, पवई : लहान यंत्रांच्या मुक्त कार्यप्रणालीचा उपनगरी इतिहास

मुंबईच्या उपनगरांतील संगणकविद्येचा इतिहास सांगताना अंधेरीच्या सीप्झचा उल्लेख हमखास होतो, कारण 1973 साली स्थापन झालेल्या या निर्यात क्षेत्रातून आज्ञावली-निर्यातीचा मोठा व्यवसाय उभा राहिला. परंतु याच उपनगरांत, जुहू, मानखुर्द आणि पवई येथील संशोधन संस्थांच्या आश्रयाने, आणखी एक प्रवाह वाहत होता. त्यातील मंडळी आज्ञावली विकण्याऐवजी ती खुली ठेवून जगभरच्या अनोळखी सहकाऱ्यांबरोबर वाढवीत होती. या दुसऱ्या प्रवाहाची नोंद फारशी कोणी घेतली नाही, आणि तीच येथे घ्यावयाची आहे.

संगणकाच्या यंत्रसामग्रीवर ताबा ठेवून इतर सर्व आज्ञावल्यांना काम करू देणारी जी मूळ आज्ञावली, तिला कार्यप्रणाली अर्थात ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, आणि तिच्या अगदी आतल्या भागाला कर्नल किंवा गाभा. टॅबलेट, राउटर, मोजमापाची उपकरणे अशा ठरावीक कामांसाठी घडविलेल्या लहान यंत्रांत हा गाभा त्या त्या यंत्राच्या चिपशी, पडद्याशी आणि बॅटरीशी बारकाईने जुळवून घ्यावा लागतो. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीचा गाभा ज्या परवान्याखाली मिळतो त्याची अट अशी की, जो कोणी तो बदलून इतरांना देईल त्याने बदललेला मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोडही, त्यांना उपलब्ध करून द्यावा. आणि जुळवणीचे हे कष्ट पुन्हा पुन्हा मुळापासून उपसावे लागत नाहीत ते या अटीमुळेच.

जुहूच्या गुलमोहर मार्गावर राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजेच एनसीएसटी, उभे राहिले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संगणक केंद्रातून 1985 साली वेगळ्या झालेल्या या संस्थेचे पहिले संचालक श्रीनिवासन रमणी होते. येथील ‘इंडिक्स’ प्रकल्पाने लिनक्सवर भारतीय लिप्या उमटविण्याचा प्रश्न हाती घेतला. देवनागरीत ऱ्हस्व इकार उच्चारात व्यंजनानंतर येतो आणि लेखनात त्याच्या आधी. जोडाक्षरांत अक्षरांचे रूपच पालटते. त्यामुळे रोमन लिपीसाठी रचलेली, एकामागून एक अक्षर मांडत जाणारी पद्धत येथे अपुरी पडते. इंडिक्सच्या कर्त्यांनी ही जाण प्रत्येक आज्ञावलीत स्वतंत्रपणे न घालता पडद्यावरील खिडक्या रेखाटणाऱ्या एक्स विंडो या सामायिक थरातच घातली. याच संस्थेत सुलेखनकार र. कृ. जोशी अक्षररचनेचे काम करीत होते, आणि त्यांनी घडविलेला ‘रघू’ हा देवनागरी टंक मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाला. मराठी माणसाला आपल्या लिपीतील यंत्र हवे असेल, तर त्या यंत्राचा आतला थर उघडण्याचा अधिकार कोणाकडे तरी असावा लागतो, हे जुहूच्या या प्रयत्नाने स्पष्ट केले. पुढे ही संस्था प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजेच सी-डॅकमध्ये, विलीन झाली.

मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात नागार्जुन जी. यांच्या प्रयोगशाळेने मुक्त आज्ञावलीकडे शिक्षणाचा प्रश्न म्हणून पाहिले. शिक्षणातील या विचाराचे एक प्रत्यक्ष रूप जवळच पाहावयास मिळत होते. मुंबईपासून फार दूर नसलेल्या, कर्जत तालुक्यातील खैराट येथील एका लहानशा शाळेत 2007 साली ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या जागतिक योजनेतील एक्सओ संगणक पोहोचले होते. त्यांतील कार्यप्रणाली फेडोरा लिनक्सवर बेतलेली होती, आणि तिच्यावरील ‘शुगर’ हे मुलांसाठीचे दर्शनी रूप मुख्यतः पायथन भाषेत लिहिलेले असल्याने तेही उघडून पाहता आणि बदलता येण्याजोगे होते.

या प्रवाहातील सर्वांत मोठा प्रयोग मात्र पवईत झाला. केंद्र सरकारने 5 ऑक्टोबर 2011 रोजी ‘आकाश’ हा स्वस्त टॅबलेट दिल्लीत प्रकाशित केला. पहिली आवृत्ती मंद प्रोसेसर आणि दाब देऊन चालणारा पडदा यांमुळे टीकेची धनी झाली. 2012 मध्ये प्रकल्पाची धुरा पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे दीपक फाटक यांच्याकडे आली, आणि 11 नोव्हेंबर 2012 रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते ‘आकाश 2’ प्रकाशित झाला. सात इंची पडदा, ऑलविनर कंपनीची एक गिगाहर्ट्झची ए13 चिप, 512 मेगाबाइट स्मृती आणि अँड्रॉइड 4.0 असे त्याचे स्वरूप होते. सरकारला तो 2,263 रुपयांना पडणार होता आणि विद्यार्थ्याला त्याच्या निम्म्यात मिळणार होता. वृत्तपत्रांची चर्चा या किमतीभोवतीच फिरत राहिली, आणि त्यामुळे पवईच्या प्रयोगशाळेतील अधिक मोलाच्या कामाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष झाले.

अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचाच गाभा असला, तरी त्यावरील सारी मांडणी वापरणाऱ्यासाठी असते, घडविणाऱ्यासाठी नव्हे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला हव्या असलेल्या सी, पायथन किंवा सायलॅबला तेथे सहज जागा नसते. पवईतील तरुण अभियंत्यांनी म्हणून दोन मार्ग धरले: एकीकडे या भाषा अँड्रॉइडमध्येच चालतील अशी सोय त्यांनी केली, आणि दुसरीकडे ‘आकाश’वर पूर्ण स्वरूपाचे जीएनयू/लिनक्स चालते केले. दुसरा मार्ग शक्य झाला तो ऑलविनरच्या चिपमधील एका गुणामुळे. यंत्र सुरू होताच ही चिप आतील साठवणीच्या आधी बाहेरचे मेमरी कार्ड तपासते, आणि कार्डावर कार्यप्रणाली सापडली तर तीच चालू करते. त्यामुळे मूळ अँड्रॉइडला धक्का न लावता, कार्ड घातले की लिनक्स आणि काढले की अँड्रॉइड, असा अदलाबदलीचा प्रयोग करता येई, आणि चूक झालीच तर यंत्र निकामी होण्याची धास्ती उरत नसे. नवशिक्यांना गाभ्याशी खेळू देण्यासाठी याहून चांगली सोय क्वचितच सापडेल.

तरीही लिनक्स चालविण्यास एवढेच पुरेसे नव्हते. कोणत्या तारेवर पडदा जोडला आहे, कोणत्या गतीवर स्मृती चालते, हा तपशील ऑलविनरच्या यंत्रांत तेव्हा ‘स्क्रिप्ट डॉट बिन’ नावाच्या एका फाइलमध्ये असे. तिचे वाचनीय रूपांतर करून, त्यात दुरुस्ती करून, ती पुन्हा बांधण्याची साधने ‘लिनक्स-सन्क्सी’ नावाच्या स्वयंसेवी समूहाने तयार केली होती. हा समूह बहुतांशी परदेशस्थ होता आणि कोणत्याही सरकारच्या पगारावर नव्हता. पवईच्या कामाचा पाया त्यांच्या कष्टांवर उभा होता. आणि पवईनेही गाभा बांधण्याची पद्धत व आपला मजकूर खुला ठेवून ते ऋण काही अंशी फेडले. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या प्रकल्पाने असेच वागावयास हवे होते, आणि या बाबतीत तरी त्याने तसे वागून दाखविले.

‘आकाश’ची सरकारी खरेदी एक लाख टॅबलेटांच्या टप्प्यापलीकडे फार विस्तारली नाही आणि काही वर्षांत ते नावही बाजारातून नाहीसे झाले; गाभा जुळविणारे तरुणही शिक्षण किंवा नोकरी संपवून पांगले. मात्र फेब्रुवारी 2013 मध्ये लिनक्सच्या 3.8 आवृत्तीपासून ए13 चिपला मुख्य गाभ्यातच स्थान मिळू लागले. त्यानंतर यंत्राचे वर्णन स्क्रिप्ट डॉट बिनऐवजी ‘डिव्हाइस ट्री’ या सर्वमान्य पद्धतीने होऊ लागले, आणि टॅबलेट बनविणारी कंपनी असो वा नसो, त्या चिपचा आधार गाभ्याच्या पुढील आवृत्त्यांबरोबर पुढे चालत राहिला.