अकबराची इश्कबाजी

१४९४ साली अख्सीच्या गढीचा कडा ढासळला आणि कबुतरखान्यासह दरीत कोसळून बाबराचा पिता उमरशेख मिर्झा मरण पावला. तरीही कबुतरांचा नाद त्या घराण्याने सोडला नाही. त्याचा पणतू अकबर या खेळास ‘इश्कबाजी’ म्हणे. अबुल फजलने ‘ऐन-ई-अकबरी’त दरबारच्या २०,००० वर कबुतरांची नोंद केली आहे, त्यांपैकी ५०० खास.

या प्रेमाचा आरंभ मात्र उपासाने होई. पिलास प्रथम मोजकेच दाणे देत. भुकेला पक्षी दूर जात नाही, हे त्यातले मर्म. हळूहळू दिवसाला चाळीस उड्डाणांची सवय लावीत. तोवर कोलांट्यांची घाई नसे. दहांपैकी आठ पिसे गळाली की उडणे बंद! दोन महिन्यांनी नवी पिसे येत, अंगी बळ येई, आणि मग ‘चर्ख’ व ‘बाजी’ यांचे शिक्षण. खास कबुतर १५ चर्ख व ७० बाजी करी. उडणाऱ्यांस एकच बारीक धान्य. इतरांस तांदूळ, डाळी, ज्वारी धरून सात धान्यांची मिसळ.

जातींचा संकर अकबरापूर्वी कोणी केलाच नव्हता, असे अबुल फजल सांगतो. यात दरबारी स्तुतीचा सूर लपत नाही. पण १८५९ साली डार्विनने आपल्या ग्रंथात हेच विधान आधारास घेतले.