हाली, कलदार आणि घरखातं

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. या उन्हाळ्यात नायगावला गेलो होतो. आमचं जुनं माळवदाचं घर आता पाडायचं ठरलंय, हे घरच्यांना माहीतच आहे. सामान काढताना आजोबांची पत्र्याची पेटी निघाली. आत लाल कापडात बांधलेल्या किराणा दुकानाच्या वह्या. सगळ्यात जुनी शके १८६८ च्या दिवाळी पाडव्याची, म्हणजे १९४६ ची. मजकूर मोडीत. मग मोडी वाचणाऱ्या एका निवृत्त गुरुजींकडे दोन दिवस जाऊन बसलो.

पहिल्याच संध्याकाळी चुलतभाऊ म्हणाला, "दादा, दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर दुकान बंद करतो. इक्री तर होऊलाली, मग पैसा जाऊलाला कुठं?"

मी नोकरी करणारा माणूस. मला काय उत्तर येणार? पण वह्या वाचता वाचता थोडंफार सापडलं.

जुन्या वहीत रकमेचे दोन रकाने आहेत: हाली आणि कलदार. लहान मंडळींसाठी सांगतो. तेव्हा आपला नांदेड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानचं स्वतःचं नाणं होतं, हाली सिक्का. ब्रिटिश हिंदुस्थानचा रुपया म्हणजे कलदार. १०० कलदारला ११६ रुपये १० आणे ८ पै हाली, असा दर. सोप्या हिशेबात ६ कलदार म्हणजे ७ हाली.

आता गंमत बघा. मुंबई इलाख्यातून येणाऱ्या मालाचे पैसे कलदारात द्यायचे. गावातलं गिऱ्हाईक देणार हाली. ६ रुपयांना आणलेला माल ७ रुपयांना विकला की वाटणार, रुपया सुटला. प्रत्यक्षात एक पैसुद्धा सुटलेली नाही. उलट गाडीभाडं आणि संस्थानच्या हद्दीवरची जकात, जिला करोडगिरी म्हणत, ती पदरची गेली! म्हणून आजोबा दोन्ही रकाने भरून, भाडं-जकात धरून, मगच विक्रीचा भाव लिहायचे.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान संपलं, पण हाली लगेच गेलं नाही. १९५० पासून भारतीय रुपया सुरू झाला तरी हाली पूर्ण बाद व्हायला १९५९ उजाडलं. मधेच १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले. एका वहीच्या पुठ्ठ्यावर आजोबांनी तक्ता लिहून ठेवलाय: १ आणा ६ नवे पैसे, २ आणे १२, ३ आणे १९, ४ आणे २५. म्हणजे आण्याआण्याने विकणाऱ्या दुकानदाराला दर आण्याला पाव पैशाचा फटका. चिल्लर रक्कम, पण दिवसभरात किती आणे मोडत असतील!

मला सगळ्यात आवडलं ते "घरखाते" नावाचं पान. दुकानातून घरात गेलेली प्रत्येक वस्तू तिथे नावे पडलेली. गूळ अर्धा शेर. गोडेतेल पावशेर. सणासुदीची साखर. आजी यावरून कुरकुरायची असं आत्या सांगते, "माझ्याच घरात मी उधारीवर!" पण त्यामुळे वर्षअखेरीला दुकानानं किती कमावलं आणि घरानं किती खाल्लं, हे वेगवेगळं दिसत होतं.

मग १९७२ च्या दुष्काळाची वही. ती उघडताना हात जरा थबकला. रोजगाराच्या कामांवर खडी फोडणाऱ्या माणसांची खाती, ज्वारी आणि मिठाची. आठवड्याची मजुरी हातात पडेपर्यंत उधारी. काही खात्यांवर नावेच नावे आहे, जमा कधी आलंच नाही. ती आजोबांनी वेगळ्या पानावर काढून बेरीज मारून ठेवलीत. वसुलीला गेले नाहीत, पण किती सोडलं हे त्यांना ठाऊक होतं. गुरुजी ते पान बराच वेळ बघत बसले.

चुलतभावाला मी हे सगळं दाखवलं. त्याच्याकडे उधारीची डायरी आहे, पण घरखातं नाही. मोबाईलवर येणारे गिऱ्हाइकांचे पैसे आणि पोरांची फी एकाच खात्यात. दोघांनी मिळून एक महिन्याचा अंदाज काढला, तर घरात गेलेला माल जवळजवळ महिन्याच्या नफ्याइतका निघाला. विक्रीकडे बघून तो खूश होता, कलदार विसरून हाली मोजणाऱ्यासारखा.

वहिनी चहा घेऊन आल्या, सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजे आता साखर पण लिवायची का?"

"लिवायची," तो म्हणाला.

तेवढ्यानं दुकान वाचेल का? माहीत नाही. जुनी उधारी तशीच आहे आणि गावात आता दुकानंही पुष्कळ झालीत. पण दिवाळीला बंद करायचं की नाही, हे निदान आकडे बघून ठरवू, एवढं तो बोललाय.

परवा त्याचा फोन आला होता. पहिल्या आठवड्याचं घरखातं वाचून दाखवलं. साखर दोन किलो, चहापत्ती पाव किलो, आणि "दादा आला तवाचे बिस्किटपुडे, ४."

असो. तेवढे द्यायला हवेत.